तळ्यातल्या जिवांची मोजदाद

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने चार शब्द लिहून द्यावेत असा निरोप आला, तेव्हा आम्ही सात-आठ जण एका रविवारी शाळेत जमलो. कोणी म्हणाले, भोजनगृहाविषयी लिहू. कोणी म्हणाले, पहाटेच्या वंदनेविषयी लिहू. असे बोलत बोलत आम्ही जुन्या प्रयोगशाळेत शिरलो. कपाटाच्या तळाच्या खणात, फुटक्या परीक्षानळ्यांच्या मागे, निळ्या पुठ्ठ्याची एक वही सापडली. कडांना पाण्याचे डाग होते आणि पहिल्या पानावर आमच्यापैकीच कोणाच्या तरी वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘पाषाण तलाव – माशांची नोंद’. पाने उलटता उलटता आम्ही सगळे एकाच पानाशी थांबलो. तिथे एका ओळीखाली दोनदा रेघ ओढलेली होती : ‘मृत – १७’. मग काय लिहायचे याची चर्चा पुन्हा झाली नाही.

ही गोष्ट १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आम्ही नववीत होतो. आमचे जीवशास्त्राचे सर पुण्यातल्या एका महाविद्यालयातील संशोधकांच्या ओळखीचे होते. ती मंडळी पावसाळा सरल्यावर पाषाण तलावातील माशांची पाहणी करणार होती आणि नोंदी ठेवण्यासाठी त्यांना चार हात हवे होते. सरांनी वसतिगृहातल्या आम्हा दहा जणांची निवड केली. दर रविवारी दुपारी पीएमटीच्या लाल बसने आम्ही पाषाणला जाऊ लागलो. रामनदीवर बांध घालून इंग्रजी अमदानीत हा तलाव झाला, एवढेच तोवर आम्हाला ठाऊक होते. तिथे हिवाळ्यात पक्षी येतात आणि ते पाहायला दुर्बिणी घेतलेली माणसे येतात, हेही पाहिले होते. पाण्याखाली कोण राहते, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता.

पहिल्याच दिवशी सरांनी तोच प्रश्न विचारला. “या तळ्यात मासे किती?” आम्ही अंदाज फेकू लागलो. हजार, दहा हजार, लाख. सर हसून म्हणाले, “वाघ मोजायचा तर प्रत्येकाचे पट्टे निराळे असतात. पक्षी निदान डोळ्यांना दिसतात. मासा दिसत नाही, एका जागी थांबत नाही, आणि तळे रिकामे करून मोजावे म्हटले तर मोजायला मासाच उरत नाही. म्हणून थोडे पाहून पुष्कळाचा अंदाज करायचा, आणि तो अंदाज किती कच्चा आहे हेही प्रामाणिकपणे सांगायचे. शास्त्र म्हणतात ते एवढेच.”

हे आम्हाला समजावे म्हणून त्यांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग करून दाखवला. मावशींकडून पांढऱ्या वाटाण्यांचे पातेले मागून घेतले. त्यातले शंभर वाटाणे वेगळे काढले, हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळे केले, वाळवले आणि पुन्हा पातेल्यात घालून चांगले ढवळले. मग डोळे मिटून एकशेवीस वाटाणे बाहेर काढले. त्यांत सहा पिवळे निघाले. सर म्हणाले, “एकशेवीसांत सहा, म्हणजे विसांत एक. आपण पिवळे केले होते शंभर. मग सगळे मिळून किती?” दोन हजार, आम्ही ओरडलो. वाटाणे परत घालून, ढवळून दुसऱ्यांदा काढले तेव्हा आठ पिवळे आले आणि उत्तर पंधराशेवर उतरले. तिसऱ्यांदा सात आले आणि उत्तर सतराशेच्या थोडे पुढे गेले. शेवटी सगळे पातेले पालथे करून रात्री उशिरापर्यंत आम्ही एकेक वाटाणा मोजला. ते १७४६ भरले. दाराशी उभ्या असलेल्या मावशी एवढेच म्हणाल्या, “पिवळे झालेले उसळीत चालतील ना, का त्यांची वेगळी पंगत बसवू?”

डेन्मार्कचे पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातल्या चपट्या माशांना खुणा करून ज्या रीतीचा पाया घातला, तीच ही रीत. तळ्यात हळदीचा उपयोग नाही. तिथे माशाच्या पराचा इवलासा कोपरा कातरतात किंवा पाठीशी बारीक क्रमांकाची खूण अडकवतात, मासा सोडून देतात आणि काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकतात. मात्र हा हिशेब काही अटींवर उभा असतो. मधल्या काळात खूण पडून जाता कामा नये. खूण केलेला मासा बाकीच्यांत नीट मिसळला पाहिजे. खुणेमुळे तो दुबळा होऊन लवकर मरता कामा नये. नदीवाटे नवे मासे येता कामा नयेत आणि इथले बाहेर जाता कामा नयेत. यातली एक अट मोडली तरी आकडा खोटा बोलू लागतो. सर म्हणत, “आकडा लिहिताना त्याच्या अटीही शेजारी लिहा. अट न सांगता सांगितलेला आकडा ही अर्धी थाप असते.”

दर वेळी इतका खटाटोप करणे शक्य नसते. म्हणून बहुतेक पाहण्यांत एकूण संख्या न काढता ठरावीक प्रयत्नात किती मासे मिळाले हे पाहतात. दोन मुले बोरे वेचायला गेली, एक तासभर वेचत होता आणि दुसरा दिवसभर. तर कोणाच्या झाडाला बोरे जास्त हे टोपली पाहून सांगता येईल का? त्यासाठी वेळ सारखा हवा. तसेच जाळ्याची लांबी सारखी, पाण्यात ठेवण्याचा वेळ सारखा, दिवसाचा प्रहर सारखा, आणि मग या वर्षीची पकड गेल्या वर्षीच्या पकडीशी ताडून पाहायची. आमच्या वहीत म्हणूनच माशांच्या आधी इतर रकाने आहेत : तारीख, जागा, पाण्याचे तापमान, जाळे टाकल्याची वेळ, काढल्याची वेळ. नववीतल्या मुलांना हे रकाने कंटाळवाणे वाटत. मासा कधी एकदा हातात येतो असे आम्हाला होऊन जाई.

जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राही. वरच्या काठाला तरंगणारी बोंडे, खालच्या काठाला शिशाचे मणी. पोहत आलेल्या माशाचे डोके जाळ्याच्या डोळ्यात शिरते, कल्ल्यांच्या झाकणाशी धागा अडकतो आणि त्याला पुढेही जाता येत नाही, मागेही येता येत नाही. या डोळ्याला मासेमार आस म्हणतात. संशोधकांच्या जाळ्यात निरनिराळ्या आसांचे तुकडे एकापुढे एक जोडलेले होते, बोट जेमतेम शिरेल इथपासून मूठ शिरेल इथपर्यंत. मोठ्या आसाचेच जाळे टाकले तर लहान जातींचे मासे आरपार निघून जातात आणि वहीत त्यांची नोंदच होत नाही. वहीत नाही म्हणजे तळ्यात नाही असे मात्र नव्हे. वाम सापासारखी लांबट, ती निसटून जाते. मरळ पाणवनस्पतींत दबा धरून बसते, जाळ्याच्या वाटेला जातच नाही. म्हणून काठालगतच्या गवतात बांबूचे सापळे ठेवत, उथळ जागी फेकजाळे टाकत, आणि बाजारात जाऊन टोपल्याही पाहत.

जाळ्यातला मासा सोडवून ओल्या पाटीवर ठेवायचा, तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी मोजायची, ओल्या पिशवीत घालून वजन घ्यायचे, बाजूवरचे चार-दोन खवले चिमट्याने काढून कागदाच्या पुडीत ठेवायचे आणि मासा परत पाण्यात सोडायचा. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात आणि त्यांवरून वयाचा अंदाज बांधता येतो. थंड देशांत हिवाळ्याचे वर्तुळ स्पष्ट उमटते. आपल्या उबदार पाण्यात ते वाचायला अधिक सवयीचा डोळा लागतो. शिंगटीच्या काट्याने आमच्यापैकी दोघांची बोटे रक्ताळली. चिलापी मात्र जाळे भरून येई. ही जात मुळात आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि आज आपल्या तळ्यांत घरच्यासारखी नांदते आहे.

आमच्यात एक जण सगळ्यांत लहान चणीचा होता. दुसऱ्या रविवारी त्याने जाळ्याला हात लावायला नकार दिला. तो म्हणाला, “सर, आपण रोज सकाळी प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतो. मग हे जाळे कशाला?” आम्हाला वाटले, सर आता भाषण करतील. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुझा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याजवळ त्याचे पुरते उत्तर नाही. जाळे दोन तासांच्या वर पाण्यात राहणार नाही, एवढे मी ठरवू शकतो. वेळ झाली की वर घेणाऱ्यांना तू हाक मारायची. घड्याळ तुझ्या हाती राहील.” असे म्हणून त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून त्याच्या हातात दिले.

पुढचे तीन रविवार घड्याळाने आपले काम चोख केले. चौथ्या रविवारी तो तापाने आजारी पडला. सरांनी घड्याळ आम्हा बाकीच्यांकडे दिले आणि ते संशोधकांसोबत तलावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. आम्ही बांधावर लगोरी मांडली. खेळ रंगला. घड्याळ चपलांच्या ढिगात पडून होते. उजेड मंदावला तेव्हा कोणाला तरी आठवण झाली. जाळे दीड तास जास्त राहिले होते. ते वर ओढले तेव्हा पुष्कळ मासे हलत नव्हते. जाळ्यात अडकलेला मासा धडपडून थकतो, कल्ल्यांची उघडझाप नीट होत नाही आणि उबदार पाण्यात प्राणवायूही कमीच असतो, हे सरांनी आम्हाला आधीच सांगितले होते. त्यामुळे काय झाले हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सर पोचण्यापूर्वी आमच्यात कुजबूज झाली. एकाने सुचवले, मेलेले बाजूला पाण्यात सोडून द्यावेत आणि जिवंत तेवढे वहीत लिहावेत. पाहणी तर जिवंत माशांचीच आहे ना! हे सुचवणारा आज आमच्यातच बसला आहे, त्याच्या संमतीनेच लिहितो. आम्हा सगळ्यांना ते सोयीचे वाटले, हेही लिहिले पाहिजे. दोन-तीन मासे तर पाण्यात टाकूनही झाले होते. तेवढ्यात सर आले. त्यांनी जाळे पाहिले, घड्याळ पाहिले, आमचे चेहरे पाहिले. ते रागावले नाहीत. वही पुढे करून एवढेच म्हणाले, “किती?” आम्ही मोजले. टाकून दिलेले गुडघाभर पाण्यात उतरून शोधून आणले. सतरा भरले. “जाळे काढल्याची वेळ खरी लिहा. कारण लिहा. सतरा लिहा. हे मासे आपल्या चुकीने मेले, निदान वहीत तरी त्यांना जागा द्या.” बसमध्ये कोणी कोणाशी बोलले नाही.

त्या रात्री आमच्यातला भोई समाजातला एक मित्र झोपला नव्हता. त्याचे गाव भीमेच्या काठी, उजनीच्या फुगवट्यालगत होते. पहाटे त्याने सरांना गाठले आणि विचारले, “सर, सतरा माशांसाठी काल सगळे एवढे गप्प झाले. माझे बाबा रोज जाळे टाकतात. मग ते कोण?” आम्ही अंथरुणे आवरत होतो, ती तशीच हातात राहिली. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझ्या बाबांच्या जाळ्यावर घर चालते, तू शिकतोस. त्यांची आणि आपल्या लगोरीची बरोबरी होत नाही. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. ते भेटायला येतील तेव्हा आपण त्यांनाच तळ्यावर नेऊ.”

दिवाळीच्या सुट्टीआधी काका आले. धोतर, सदरा, हातात पिशवी. शाळेत येताना ते नेहमी दाराबाहेर अवघडून उभे राहत. सरांनी त्यांना तलावावर नेले आणि संशोधकांसमोर म्हणाले, “आज आम्हाला तुम्ही शिकवायचे.” काकांनी आधी मान हलवून नकार दिला. मग जाळे हातात घेतले, आसांमधून बोटे फिरवली आणि ते बोलू लागले. पाणी गढूळ असताना कुठे टाकायचे, वारा कोणत्या अंगाने आला की मासा कोणत्या काठाला लागतो, पहिल्या पुराला अंडी घालायला चढणारा मासा कसा ओळखायचा. “चढणीचा मासा धरू नये, गुरुजी. आमची आजी म्हणायची, पोटुशीला धरलं तर पुढल्या साली काय खाशाल? आता कोन ऐकतंय. बारीक आसाचं जाळं लावत्यात, पिल्लंसुदिक ऱ्हात न्हाईत.”

संशोधकांपैकी एकाने पिशवीतून टंकलिखित यादी काढली. ती कर्नल विल्यम साइक्स यांच्या लेखावरून केलेली होती. साइक्स यांची १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. त्या फिरतीत त्यांनी भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांतील मासे टिपले आणि १८३९ साली लंडनमध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध झाली. पुण्याच्या माशांची ही पहिली शास्त्रीय यादी. संशोधक लॅटिन नावे वाचू लागले : कोलस, मुल्या, बोगट, सींघाला. काका दचकले. मग मोकळे हसले. “कोळशी, मल्या, बोगट, शिंगाळा. गुरुजी, ह्ये तर आमचंच हाय की!”

ते खरेच होते. साइक्स यांनी अनेक जातींना इथल्या मासेमारांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली आणि ती आजही जगभरच्या ग्रंथांत चालतात. मुळा-मुठेतल्या महाशीराचे ‘टॉर खुद्री’ हे नाव त्यांतलेच. या प्रत्येक नावापुढे शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे साइक्स हे नाव आणि १८३९ हे साल लिहिले जाते. नाव सांगणारा मासेमार कोण होता, कोणत्या गावचा होता, याचा मात्र पत्ता लागत नाही. योगायोग असा की, याच साइक्स यांनी १८४१ साली फाहियान या चिनी बौद्ध भिक्षूच्या प्रवासवर्णनाचा आधार घेऊन प्राचीन भारतावर दीर्घ लेख लिहिला. इथला विसरलेला इतिहास उजेडात आणायला त्यांनी हातभार लावला. त्यांना नदी वाचून दाखवणारी माणसे मात्र अंधारातच राहिली. त्या दिवशी आमच्या वहीत एक नवा रकाना पडला : ‘सांगणाऱ्याचे नाव’. त्याखाली पहिले नाव आमच्या मित्राने आपल्या वडिलांचे लिहिले. काकांना सही करता येत होती. त्यांनी ती सावकाश केली.

पुण्याच्या माशांची मोजदाद साइक्स यांच्यावर थांबली नाही. १९४२ साली फ्रेझर यांचा पुण्याच्या माशांवरील लेख मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आला. १९६३ साली टोणपी आणि मुल्हेरकर यांनी नवी नोंद केली. २००३ साली वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेची, तर खरात, डहाणूकर, राऊत आणि महाबळेश्वरकर यांनी पुणे जिल्ह्यातील बदलांची पाहणी प्रसिद्ध केली. जुन्या याद्यांशी ताडून पाहता काही जाती आता आढळत नाहीत आणि बाहेरून आलेल्या जाती रुळल्या आहेत, हे या कामांतून पुढे आले. पुढे २००४ साली डहाणूकर, राऊत आणि भट यांनी सगळ्या पश्चिम घाटाचा आढावा घेतला. त्यात गोड्या पाण्यातील २८८ जाती आणि त्यांपैकी ११८ फक्त पश्चिम घाटातच आढळणाऱ्या अशी गणती झाली. आधीच्या कोणीतरी यादी केली होती म्हणूनच काय हरवले हे कळले. जिची नोंदच झाली नाही अशी एखादी जात नाहीशी झाली असेल, तर तिच्यासाठी हळहळणारेही कोणी नाही.

आमच्या तुकडीतला एक जण पुढे मत्स्यजीवशास्त्राकडे वळला. ज्याच्या हाती सरांनी घड्याळ दिले होते, तोच. वही सापडली त्या दिवशी त्याने आम्हाला याच ‘खुद्री’ची पुढची हकिगत सांगितली. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या काळात महाशीराचे बीजोत्पादन सुरू केले. नद्यांतून दुर्मिळ होत चाललेला हा मासा तिथे हजारोंनी वाढला आणि त्याची पिल्ले निरनिराळ्या राज्यांत पाठवली गेली. हेतू निर्मळ होता. काही पिल्ले दक्षिणेत कावेरी नदीत सोडली गेली. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगात इतरत्र कुठेही नसलेला. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. संशोधकांनी त्या चाळल्या आणि २०१५ साली निष्कर्ष मांडला : पाहुणा वाढत गेला आणि घरचा मालक घटत गेला. कावेरीच्या त्या महाशीराचे शास्त्रीय नाव २०१८ साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “मासा वाचवणाऱ्यांनी मासा सोडला आणि दुसरा मासा बुडाला. त्या नदीत आधी कोण राहते, किती आहेत, हे पाहिले असते तर कदाचित थांबले असते.” नववीत त्याने सरांना विचारलेला प्रश्न आम्हाला आठवला. करुणा असली की पुरे, असे तेव्हा आम्हाला वाटत होते. आज वाटते, ज्याच्यावर करुणा करायची तो नेमका कोण आहे हे पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत, तर करुणाही इजा करते. पुण्यातल्या कित्येक तळ्यांत पुण्य म्हणून किंवा घरचे काचपात्र लहान पडले म्हणून परके मासे सोडले जातात. सोडणाऱ्याला एक जीव वाचवल्याचे समाधान मिळते आणि तळ्यातले मूळचे रहिवासी त्याची किंमत मोजतात.

आता साधने पुष्कळ सुधारली आहेत, असेही त्याने सांगितले. होडीतून पाण्यात ध्वनिलहरी सोडतात. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून त्या परत फिरतात आणि किती मासे किती खोलीवर आहेत याचे चित्र उमटते. तळ्यातले थोडे पाणी गाळून घेतात. माशांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा, सुटलेल्या पेशी यांतून पाण्यात उतरलेला डीएनए त्या गाळात मिळतो आणि एकाही माशाला हात न लावता कोणकोणत्या जाती आहेत हे कळते. लांबी मोजताना धडपड होऊ नये म्हणून माशाला लवंगेच्या तेलाने क्षणभर गुंगी देतात, छायाचित्र घेतात आणि सोडतात. आम्ही विचारले, “मग आता जाळे नकोच?” तो म्हणाला, “डीएनए सांगतो कोण आहे. ते किती आहेत, लहान की मोठे, पोटात अंडी आहेत की नाहीत, हे तो नीट सांगत नाही. ध्वनी आकार सांगतो, पण नाव सांगत नाही, आणि उथळ, वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात तोही गोंधळतो. जाळे लागतेच. ओळख पक्की करण्यासाठी कधी चार नमुने संग्रहालयातही ठेवावे लागतात. फक्त ते किती, आणि का, याचा हिशेब आपण देतो.” जरा थांबून तो म्हणाला, “मी आजही जाळे टाकले की हातात घड्याळ घेऊनच बसतो.”

सर आता आपल्यात नाहीत. आमच्या मित्राचे वडीलही गेले. वहीत काकांची सही आहे आणि सरांची शेवटच्या पानावरची शाईची टीप आहे : ‘पुढील वर्षी याच जागी, याच वेळी, याच जाळ्याने.’ ते पुढील वर्ष आले नाही. आम्ही दहावीत गेलो, पाहणी संपली. एका वर्षाच्या नोंदीला किती थोडा अर्थ असतो, हे आज आम्हाला कळते. मोजणी एकदा करून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा करायची असते. आमची मोजणी अर्धवट राहिली, ही या वहीतली सतरानंतरची दुसरी उणीव.

ती भरून काढण्यासाठी शाळेच्या संमतीने आम्ही एक छोटे काम हाती घेत आहोत. निळ्या वहीशेजारी ग्रंथालयात एक कोरी वही ठेवली आहे. माजी विद्यार्थी, पालक, गावोगावची वडीलधारी मंडळी, सर्वांना आमची नम्र विनंती आहे. आपल्या गावच्या तळ्यात, ओढ्यात, डोहात पूर्वी कोणते मासे होते, त्यांना आपल्याकडे काय म्हणतात, ते शेवटचे कधी दिसले, हे त्या वहीत लिहावे किंवा मुलांकरवी लिहून पाठवावे. एखादा मासा आता दिसत नाही, हीही नोंदच आहे. ‘शून्य’ लिहायला संकोचू नये. मुलांनी आजी-आजोबांना विचारावे, बाजारातल्या मावशींना विचारावे, जाळे विणणाऱ्या काकांना विचारावे. पहिल्या रकान्यात आम्ही माशाचे नाव ठेवलेले नाही. तिथे ‘सांगणाऱ्याचे नाव व गाव’ असे लिहिले आहे. तो रकाना कृपया मोकळा सोडू नये.